उजव्या बाजूचं दुखणं

(स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा मी 'जुनाट अपेंडिसायटिस' असं सांगितलं. फोनवर जरा शांतता पसरली. मग ते म्हणाले, "डॉक्टर, हृदयविकार किंवा मधुमेह घेतलात तर सभागृह भरेल." मी म्हटलं, ज्यांच्या घरात कुणाचं तरी अपेंडिक्सचं ऑपरेशन झालंय त्यांना सुरुवातीला हात वर करायला सांगतो, मग बघू. हात तुम्ही पाहिलेतच. आता आणखी एक विचारतो. काढलेल्या अपेंडिक्सचा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट यांपैकी किती जणांनी वाचलाय? बहुतेक हात खाली आले. मला आज त्या रिपोर्टपर्यंत जायचं आहे, पण वाट लांबची आहे.

ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानं होतात ते सर्जन नव्हते, गावातले फॅमिली डॉक्टर होते. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या चिठ्ठ्या घेऊन पेशंट यायचे. चिठ्ठीत निदान क्वचितच असे. असायचं ते पेशंटचं बोलणं, जसंच्या तसं. 'उजवीकडे ओढल्यासारखं होतं. जेवणाशी संबंध नाही. एस.टी.त बसलं की वाढतं. दिवाळीत झालं होतं, मग संक्रांतीला, आता पुन्हा.' काही सहकाऱ्यांना ती चिठ्ठी अडाणीपणाची वाटे. मला तिच्यात निम्मं निदान दिसायचं.

एस.टी.वरून आठवलं. इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी पोटदुखीच्या रुग्णांना विचारलं, की येताना गतिरोधकावरून गाडी गेली तेव्हा दुखणं वाढलं का? ज्यांना नंतर खरोखर अपेंडिसायटिस निघाला अशा ३४ जणांपैकी ३३ जण 'हो' म्हणाले. २०१२ मध्ये हे 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आलं. अर्थात अपेंडिसायटिस नसलेल्या बऱ्याच जणांचंही उत्तर 'हो' होतं, त्यामुळे एवढ्यावरून कुणी सुरी उचलू नये. पण धक्का बसला की दुखतं याचा अर्थ पोटाचं अस्तर चिडलेलं आहे, ही गोष्ट आपल्या खड्ड्यांतून येणारा पेशंट न विचारताच सांगत असतो.

भडकलेलं अपेंडिक्स तुम्हाला माहीत आहे. बेंबीभोवती कळ येते, मळमळतं, काही तासांनी दुखणं उजवीकडे खाली येऊन बसतं, ताप चढतो, रात्रीत दवाखाना गाठावा लागतो. तो तीव्र आजार. त्याच्याबद्दल मतभेद फारसे नाहीत. मी बोलणार आहे ते आठवडेच्या आठवडे, कधी वर्षानुवर्षं, त्याच जागी येत-जात राहणाऱ्या दुखण्याबद्दल. हा आजार मुळात आहे की नाही, यावरच सर्जन मंडळी शंभर वर्षं भांडत आली आहेत. आज साधारण मान्य झालेलं मत असं, की आहे, पण फार कमी आहे. अपेंडिसायटिसच्या शंभर रुग्णांमागे एखाददुसरा, इतका कमी.

तो ओळखायचा कसा? पुस्तकं तीन अटी सांगतात. उजव्या ओटीपोटात तीन आठवड्यांहून अधिक दुखत असावं आणि त्याला दुसरं कारण सापडू नये. अपेंडिक्स काढल्यावर ते दुखणं थांबावं. आणि काढलेल्या अपेंडिक्सच्या भिंतीत जुन्या दाहाच्या खुणा सूक्ष्मदर्शकाखाली दिसाव्यात. आता यातली गंमत पाहा. तीनपैकी दोन अटी तपासता येतात त्या ऑपरेशननंतरच. म्हणजे ज्या आजारासाठी ऑपरेशन करायचं की नाही हे ठरवायचं, त्याचं निदान ऑपरेशन होऊन गेल्यावर पुरं होतं. तोवर हातात असतो तो केवळ संशय. माझी आजची सगळी मांडणी एवढ्यापुरतीच आहे, की हा संशय आहे हे पेशंटला आणि स्वतःला आधी सांगावं, आणि नंतर तो खरा ठरला की खोटा हे तपासायला विसरू नये.

आधी थोडं शरीरशास्त्र, लवकर उरकतो. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीला लटकलेली, साधारण सहा ते दहा सेंटिमीटर लांबीची, एका टोकाला बंद असलेली नळी म्हणजे अपेंडिक्स, मराठी पुस्तकांतलं आंत्रपुच्छ. त्याचं मूळ ठरलेल्या जागी असतं, शेंडा मात्र कुठेही वळलेला असतो. १९३३ मध्ये वेकली या इंग्लिश सर्जनने १०,००० शवांमधली नोंद छापली. त्यात सुमारे ६५ टक्के अपेंडिक्स आतड्याच्या मागे वळलेली होती आणि ३१ टक्के खाली कटिपोकळीत उतरलेली. पुढच्या अभ्यासांत हे प्रमाण बदललं, पण मुद्दा कायम राहिला. मागे वळलेलं अपेंडिक्स पाठीत दुखतं आणि मूतखड्याचा भास होतो. खाली उतरलेलं लघवीच्या पिशवीला किंवा बीजकोशाला टेकतं आणि दुखणं त्यांच्या नावावर जमा होतं.

दुखणं सुरुवातीला बेंबीशी का जाणवतं? अपेंडिक्सच्या स्वतःच्या संवेदना मज्जारज्जूत ज्या पातळीला पोचतात, त्याच पातळीला बेंबीभोवतालच्या त्वचेच्याही पोचतात. मेंदूला दोन्हींतला फरक कळत नाही. दाह वाढून पोटाच्या अस्तराला लागला की मगच दुखण्याला नेमका पत्ता मिळतो. जुनाट प्रकारात ही दुसरी पायरी कित्येकदा नीट येतच नाही. खडा झालेला मळ, सुजलेल्या लसिका ग्रंथी, आधीच्या दाहाचा व्रण किंवा जंत यांमुळे नळी अर्धवट बंद होते, आत स्राव साठतो, दाब वाढतो, आणि कधीतरी अडथळा सुटून सगळं शांत होतं. पुन्हा काही आठवड्यांनी तेच. या अधल्यामधल्या अवस्थेला आपल्याकडे 'वाटी सरकली' म्हणतात. वाटी बसवणारी बाई बेंबीवर दिवा ठेवून तांब्या उपडा घालते, आणि तेवढ्यात अडथळा आपोआप सुटला तर श्रेय तिला जातं. हसू नका. आमच्या गोळ्यांनाही पुष्कळदा असंच श्रेय मिळतं.

आता इतिहासाकडे येतो. तो सविस्तर सांगणार आहे, कारण या आजाराचं निदान का बिघडलं हे त्याच्याशिवाय कळत नाही.

अपेंडिक्स काढण्याची पहिली यशस्वी नोंद लंडनची आहे. १७३५ मध्ये क्लॉडियस अम्यांड यांनी अकरा वर्षांच्या मुलाचा अंतर्गळ उघडला आणि आत त्यांना टाचणीने भोक पडलेलं अपेंडिक्स सापडलं. भूल नव्हती, तरी मुलगा वाचला. पण त्यानंतर दीडशे वर्षं उजव्या ओटीपोटातल्या गळवाचा दोष आतड्याच्या पिशवीलाच दिला जात होता. १८८६ मध्ये हार्वर्डचे रेजिनल्ड फिट्झ यांनी अपेंडिक्स फुटलेल्या २५७ रुग्णांचा अभ्यास मांडला आणि दोषी कोण ते ठामपणे सांगितलं. 'अपेंडिसायटिस' हे नावही त्यांचंच. तीनच वर्षांनी न्यू यॉर्कच्या चार्ल्स मॅकबर्नी यांनी बोट ठेवण्याची ती प्रसिद्ध जागा दाखवली. कमरेच्या उजव्या हाडाच्या टोकापासून बेंबीकडे जाताना, साधारण एक तृतीयांशावर.

पुन्हा पुन्हा उठणाऱ्या दुखण्याकडे मात्र लक्ष गेलं ते लंडनच्या फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांचं. १८८७ मध्ये त्यांनी अशा एका रुग्णावर दोन झटक्यांच्या मधल्या शांत काळात शस्त्रक्रिया केली. भडका उडालेला असताना पोट उघडू नये, निवल्यावर उघडावं, असं त्यांचं मत. या मताची किंमत त्यांना घरातच मोजावी लागली. १९०० मध्ये त्यांची मुलगी अपेंडिक्स फुटून गेली. दोन वर्षांनी त्यांना सातव्या एडवर्ड राजासमोर उभं राहावं लागलं. राज्याभिषेक २६ जून १९०२ ला ठरलेला, परदेशी पाहुणे लंडनमध्ये उतरलेले, आणि राजाच्या पोटात गळू. राजा ऐकेना, ट्रीव्ह्ज हटेनात. २४ जूनला बकिंगहॅम राजवाड्यातच शस्त्रक्रिया झाली. अपेंडिक्स काढलं नाही, पू तेवढा वाहता केला. ऑगस्टच्या ९ तारखेला राज्याभिषेक पार पडला.

राजाला झालेला आजार प्रजेला हवाहवासा वाटतो. भूल आणि निर्जंतुकीकरण आलं होतं, पोट उघडणं पूर्वीइतकं जिवावरचं राहिलं नव्हतं, आणि खात्यापित्या घरांत अपेंडिक्स काढून घेण्याची लाट आली. अपचन, बद्धकोष्ठ, डोकेदुखी, थकवा, उदासपणा, सगळ्याच्या मुळाशी 'जुनाट अपेंडिसायटिस' दिसू लागला. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधले सर आर्बथनॉट लेन तर पुढे जाऊन बद्धकोष्ठासाठी अख्खं मोठं आतडंच काढत. आतड्यातलं विष शरीरभर पसरतं, अशी त्यांची समजूत होती. ते उत्तम सर्जन होते, हात अत्यंत सफाईचा. पण हाताच्या सफाईने निदान बरोबर ठरत नाही.

त्या काळी निदानाच्या युक्त्याही भारी होत्या. बॅस्टेडो नावाचे डॉक्टर गुदद्वारातून नळीने मोठ्या आतड्यात हवा भरत, आणि उजवीकडे दुखलं तर अपेंडिक्स जुनाट आजारी असल्याचं मानत. मला वाटतं, एवढी हवा भरल्यावर कुणालाही कुठेतरी दुखेलच. मग एक्स-रे आले. बेरियम पाजून फोटो काढायचे, आणि अपेंडिक्समध्ये बेरियम गेलं नाही तर ते रोगट ठरवायचं. निरोगी माणसांतही ते कित्येकदा जात नाही, हे कळायला वेळ लागला.

अपेंडिक्स गेलं आणि दुखणं राहिलं, असे पेशंट साठत गेले. मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. अपेंडिक्स कुरकुरत नाही, ओरडतं तरी, नाहीतर गप्प राहतं, हे वाक्य सर्जनांच्या कित्येक पिढ्यांनी एकमेकांना ऐकवलं. मी शिकलो त्या काळातही परीक्षेत 'क्रॉनिक अपेंडिसायटिस' असं उत्तर दिलं की परीक्षक भुवई उंचावायचे. बाहेरच्या प्रॅक्टिसमध्ये मात्र याच नावाने ऑपरेशनं चालूच होती. विद्यापीठात नाकारलेला आणि बाजारात चालणारा, असा हा आजार होता.

त्याला पुन्हा थोडी प्रतिष्ठा मिळाली ती दोन दिशांनी. एक प्रतिमांची. १९८६ मध्ये नेदरलँड्सचे पॉयलार्ट यांनी सोनोग्राफीचा प्रोब हळूहळू दाबत आतड्यातली हवा बाजूला सारून अपेंडिक्स पाहण्याची रीत दाखवली. पुढे सीटी स्कॅन आलं. त्यामुळे सुजून पुन्हा निवलेली अपेंडिक्स चित्रात सापडू लागली.

दुसरी दिशा अँटिबायोटिकची. फिनलंडमध्ये ५३० रुग्णांवर मोठी चाचणी झाली. खडा किंवा गुंतागुंत नसलेल्या तीव्र अपेंडिसायटिसमध्ये निम्म्यांवर शस्त्रक्रिया, निम्म्यांना फक्त अँटिबायोटिक. औषधावर राहिलेल्यांपैकी २७ टक्क्यांना वर्षाच्या आत ऑपरेशन लागलं. पाच वर्षांनी पाहिलं तर आजार उलटलेल्यांचं प्रमाण ३९ टक्क्यांच्या आसपास पोचलं होतं. अमेरिकेत २०२० मध्ये छापलेल्या तशाच चाचणीत नव्वद दिवसांत दहापैकी तिघांना ऑपरेशन लागलं, आणि आत मळाचा खडा असेल तर चौघांना. आता हे आपल्या गावात आणून पाहा. पोट दुखतं म्हणून पेशंट कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जातो. त्याला सिप्रोफ्लॉक्सासिन आणि मेट्रोनिडॅझोल मिळतं, वर कळ थांबवणारं इंजेक्शन. तीन दिवसांत बरं वाटतं म्हणून गोळ्या अर्ध्यावर सुटतात. फिनलंडमध्ये जे मोजूनमापून केलं ते आपल्याकडे कुणी न मोजता रोज होतं. तेव्हा पुन्हा पुन्हा उठणारं अपेंडिक्स आपल्याकडे मुळीच नसेल, असं म्हणणं मला कधी पटलं नाही.

एक फरक इथे सांगून ठेवतो. झटका येतो, पूर्ण बरं वाटतं, काही महिन्यांनी पुन्हा झटका येतो, तो पुनःपुन्हा उद्भवणारा अपेंडिसायटिस. आणि मंद दुखणं आठवडेच्या आठवडे हटतच नाही, तो खरा जुनाट. पहिल्याचं निदान बरंच सोपं आहे, कारण एखादा तरी झटका डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर येतो. दुसऱ्यात कस लागतो.

कस लागतो, कारण उजव्या ओटीपोटात अपेंडिक्सचे शेजारी पुष्कळ आहेत. आपल्या देशात त्यांतला पहिला संशयित क्षय. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे, आणि आतड्याचा क्षय सर्वांत जास्त बसतो तो लहान आणि मोठं आतडं जिथे जुळतं तिथेच, म्हणजे अपेंडिक्सच्या दारात. संध्याकाळचा बारीक ताप, उतरलेलं वजन, जेवल्यावर पोटात गुडगुड होऊन गोळा फिरल्यासारखं वाटणं, हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. वजनाचं तर कुणाच्या लक्षातच येत नाही. मी विचारायचो, "पँट सैल झालीय का? पट्ट्याला नवीन भोक पाडलंत का?" अशा पेशंटचं नुसतं अपेंडिक्स काढलं तर मूळ आजार तसाच राहतो, आणि कधीकधी जखम भरतच नाही, तिच्यातून पाणी येत राहतं. क्रोन्सचा आजारही त्याच जागचा. क्षय आणि क्रोन्स यांतला फरक करताना कॉलोनोस्कोपी, तुकड्याची तपासणी सगळं करूनही अनुभवी माणसं अडखळतात.

आवेचा जंतू तिथेच घर करतो. मूतखडा तिथून जाताना कळ देतो. चाळिशी-पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदाच हे दुखणं सुरू झालं आणि रक्त कमी असेल, तर मोठ्या आतड्याचा कर्करोग आधी नाकारायचा, अपेंडिक्सचा विचार त्यानंतर. शाळकरी मुलांचं वेगळंच. ब्रिस्टलच्या जॉन ॲपली यांनी १९५८ मध्ये हजार मुलं पाहिली, तर दहातल्या एकाला वारंवार पोटदुखी होती आणि बहुतेकांत शरीरात काहीच बिघाड नव्हता. त्यांनी एक उपयोगी खूण दिली. दुखण्याची जागा बेंबीपासून जितकी दूर, तितकी खरा आजार असण्याची शक्यता जास्त. सोमवारी सकाळी, गणिताच्या तासाआधी, बेंबीवर बोट ठेवणाऱ्या मुलाच्या पोटाला सर्जनने हात लावू नये.

स्त्रियांच्या बाबतीत मला जास्त वेळ घ्यायचा आहे. बीजकोशाची गाठ, गर्भनलिकेचा जुना दाह, दोन पाळ्यांच्या मध्यावर बीज सुटताना होणारं दुखणं, आणि एंडोमेट्रिओसिस, सगळ्यांचा पत्ता तोच. आणि यांतल्या काहींचं वेळापत्रक पाळीशी बांधलेलं असतं, अपेंडिक्सचं नसतं. म्हणून पाळीच्या तारखा आणि दुखण्याच्या तारखा शेजारी शेजारी लिहिणं ही फुकटची आणि अतिशय मोलाची तपासणी आहे. ती होत का नाही? कारण ओपीडीत नवऱ्यासमोर किंवा सासूसमोर बाईला पाळीबद्दल विचारायला डॉक्टर संकोचतो आणि उत्तर द्यायला ती. मग सोनोग्राफी लिहून दिली जाते. आपल्याच राज्यात, बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढली गेल्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. अवयव वेगळा, पण रस्ता ओळखीचा आहे. बाईचं ओटीपोट दुखतंय, नीट ऐकायला वेळ नाही, काढता येण्याजोगा एक अवयव समोर आहे.

आणि एक शेजारी असा, की तो पोटाच्या आतच नसतो. पोटाच्या स्नायूंतून त्वचेकडे येणारी बारीक नस अडकते आणि दुखतं उजवीकडे खाली. पेशंट एका बोटाने जागा दाखवतो, रोज तीच. १९२६ मध्ये फिलाडेल्फियाच्या कार्नेट यांनी यासाठी तपासणी दिली. दुखऱ्या जागेवर बोट दाबून ठेवायचं आणि पेशंटला हात न टेकता डोकं-खांदे उचलायला सांगायचं. स्नायू ताठ झाल्यावर आतला अवयव झाकला जातो, तेव्हा दुखणं कमी व्हायला हवं. उलट वाढलं, तर आजार भिंतीत आहे. कपड्याच्या दुकानात काम करणारा एक तरुण माझ्याकडे ऑपरेशनची तारीख घ्यायलाच आला होता. अपेंडिक्सच्या जागी नेमकं दुखत होतं, पण डोकं उचलल्याबरोबर तो ओरडला. त्या जागी बधिर करण्याचं इंजेक्शन दिलं आणि पाच मिनिटांत तो उठून उड्या मारून दाखवू लागला. पुढे आणखी काही इंजेक्शनं लागली, ऑपरेशन लागलं नाही. या तपासणीला यंत्र लागत नाही, म्हणूनच बहुधा ती राहून जाते.

यंत्रांविषयी माझी तक्रार नाही, पण त्यांचे रिपोर्ट वाचायला शिकायला हवं. 'अपेंडिक्स दिसलं नाही' याचा अर्थ 'अपेंडिक्स चांगलं आहे' असा होत नाही. उलट 'अपेंडिक्स ६.५ मिलिमीटर, किंचित ठळक' असं वाचून घाबरायचंही कारण नाही. सहा मिलिमीटरची मर्यादा पुस्तकात दिली आहे खरी, पण सीटीवर पुष्कळ निरोगी माणसांचं अपेंडिक्स त्याहून जाड भरतं, आत हवा असली की विशेषच. भिंत सुजली आहे का, भोवतालची चरबी धूसर झाली आहे का, आत खडा आहे का, आणि प्रोब नेमका त्यावर दाबला की पेशंटला तेच ओळखीचं दुखणं होतं का, हे मिलिमीटरपेक्षा महत्त्वाचं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी या आजारात बहुतेकदा वाढलेल्या नसतात. १९८६ चा अल्वाराडो यांचा दहा गुणांचा तक्ता सगळीकडे वापरतात, पण तो तीव्र आजारासाठी बनवला होता, इथे त्याचा उपयोग नाही.

आणि सर्वांत साधी गोष्ट. दुखत असताना सोनोग्राफी करा. आमच्याकडे एक शिक्षिका यायच्या. फाईल जाडजूड, सगळ्या सोनोग्राफ्या नॉर्मल. तारखा पाहिल्या तेव्हा उलगडलं, की प्रत्येक वेळी त्या सुट्टी पाहून, बरं वाटायला लागल्यावर सोनोग्राफीला गेल्या होत्या. त्यांना सांगितलं, पुढच्या वेळी दुखायला लागलं की रजा टाकून त्याच दिवशी या. आल्या. जाड झालेलं अपेंडिक्स, मुळाशी खडा. चार दिवसांनी तेच निवळत आलेलं दिसलं. त्यांच्या बाबतीत ऑपरेशनपूर्वीचा संशय जवळपास खात्रीच्या टोकाला पोचला होता, आणि तो पोचवला कॅलेंडरने.

एवढं करूनही काही पेशंट उरतात. कारण सापडत नाही आणि दुखणं थांबत नाही. त्यांच्यासाठी दुर्बीण. पोटात दुर्बीण घालून पाहण्याची विद्या आपल्या सर्जरीत आणली ती मुंबईच्या डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी, १९७२ पासून, जे. जे. रुग्णालयात. क्षयाची पोटं उघडून निदान करण्यापेक्षा छोट्या छिद्रातून पाहावं, हा त्यामागचा आपल्या मातीतला विचार. दुर्बिणीने अपेंडिक्स काढलं ते १९८० मध्ये, जर्मनीच्या कुर्ट सेम यांनी. ते स्त्रीरोगतज्ज्ञ, त्यामुळे सर्जन मंडळींनी आधी नाकं मुरडली. आज दुर्बिणीतून एकाच वेळी बीजकोश, आतडं, ग्रंथी, अस्तर सगळं पाहता येतं. अडचण येते ती सगळंच चांगलं दिसतं तेव्हा. अपेंडिक्स काढायचं की ठेवायचं?

नेदरलँड्समध्ये याची धाडसी चाचणी झाली, २००८ मध्ये ती छापून आली. दीर्घकाळ उजव्या ओटीपोटात दुखणाऱ्या ४० रुग्णांना दुर्बीण घातली. चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवून काहींचं अपेंडिक्स काढलं, काहींचं ठेवलं, आणि कुणाचं काढलं हे पेशंटला सांगितलं नाही. सहा महिन्यांनी काढलेल्यांचं दुखणं लक्षणीय कमी होतं. चाळीस ही संख्या लहानच आहे. पण टाके पाहूनच बरं वाटतं, हा आक्षेप त्यात निकालात निघतो, म्हणून मी तिला मान देतो. ठेवलेल्यांतही काहींना बरं वाटलं होतं, हेही विसरायचं नाही.

यावर हमखास एक प्रश्न येतो. मग सरसकट काढूनच का टाकू नये? तसं करतात, पण कुठे, तर अंटार्क्टिकात. १९६१ मध्ये तिथल्या सोव्हिएत तळावरचे एकमेव डॉक्टर लिओनिद रोगोझोव्ह यांनी स्वतःचंच अपेंडिक्स स्वतः काढलं. ऑस्ट्रेलिया आपल्या हिवाळी तळांवर जाणाऱ्या डॉक्टरांचं अपेंडिक्स आधीच काढायला लावते. आपल्याला तालुक्याचं रुग्णालय तासाभरावर आहे. आणि प्रत्येक ऑपरेशनमागे चिकटलेल्या आतड्याचा, अंतर्गळाचा, भुलीचा धोका असतोच. शिवाय अपेंडिक्स अगदीच निरुपयोगी आहे हेही आता तितकंसं पक्कं राहिलेलं नाही. हगवणीनंतर चांगले जंतू पुन्हा पसरवण्यासाठी ते कोठार म्हणून काम करत असावं, असा तर्क ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये मांडला आहे.

आता त्या रिपोर्टकडे. काढलेलं अपेंडिक्स फॉर्मलिनच्या बाटलीत घालून पॅथॉलॉजिस्टकडे जायलाच हवं. नातेवाईक खर्चाची कुरकुर करतात, डॉक्टर 'डोळ्यांना दिसतंय की' म्हणतात, आणि बाटली जात नाही. नातेवाइकांना ट्रेमध्ये दाखवलं की काम झालं, अशी आपल्याकडची रीत. पण शेकड्यांत एखाद्या अपेंडिक्सच्या टोकाला छोटी गाठ निघते, कार्सिनॉइड जातीची, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. कधी सुरवातीचा क्षय निघतो, कधी बारीक कृमी. आणि आमच्या विषयापुरतं, दुसरी कुठलीच साक्ष उरलेली नसते.

ही साक्षही मात्र पूर्ण विश्वासाची नाही. स्नायूच्या थरात जुन्या दाहाच्या पेशी दिसल्या तर तिला वजन आहे. शेंड्याची पोकळी तंतूंनी बुजलेली असणं मात्र वाढत्या वयात, कधीच पोट न दुखलेल्या माणसांतही सर्रास सापडतं. 'फायब्रोसिस' हा शब्द रिपोर्टमध्ये पाहून समाधानाने फाईल मिटणारे सर्जन मी पाहिले आहेत. उलट, फ्रेंच पॅथॉलॉजिस्ट पिएर मासाँ यांनी १९२० च्या दशकात काही अपेंडिक्समध्ये दाह नसताना मज्जातंतूंची वाढ दाखवली होती. साध्या तपासणीत ती निसटते, आणि दुखण्याचं कारण कदाचित तीच असते.

म्हणून आणखी एक साक्ष लागते, पेशंटची, सहा महिन्यांनी. टाके काढल्यावर तो परत येत नाही. बरं वाटलं म्हणून येत नाही, की आपल्यावर चिडून दुसरीकडे गेला म्हणून येत नाही, हे कळायला मार्ग नसतो. आम्ही अशा पेशंटना पोस्टकार्डं पाठवायचो, पुढे फोन करायला लागलो. कंपाउंडर म्हणायचे, "बरे झालेल्यांना कशाला आठवण करून द्यायची?"

त्या पाठपुराव्यातले दोन जण सांगतो आणि थांबतो. दोघांनाही आधी स्पष्ट सांगितलं होतं, की हा संशय आहे, दुखणं जाईलच अशी हमी नाही. पहिल्या बाई, दोन वर्षं त्रास, रिपोर्ट 'अपेंडिक्स नॉर्मल'. सहा महिन्यांनी विचारलं तर दुखणं पूर्ण थांबलेलं, वर्षानेही नव्हतंच. दुसरे गृहस्थ, रिपोर्ट 'जुन्या दाहाची लक्षणं', पुस्तकात शोभावा असा. चार महिन्यांनी दुखणं त्याच जागी परत. रिपोर्टवर विसंबून मी पहिलीला चुकीचं आणि दुसऱ्याला बरोबर निदान म्हटलं असतं, आणि दोघांनीही मला वेड्यात काढलं असतं. बाईंच्या केसपेपरवर निदानाच्या रकान्यात लिहिलं, 'उजव्या ओटीपोटातलं दुखणं, कारण अनिश्चित, अपेंडिक्स काढल्यावर थांबलं.' गृहस्थांच्या केसपेपरवर 'जुनाट अपेंडिसायटिस' लिहिलेलं होतं. ते खोडलं नाही, त्यापुढे प्रश्नचिन्ह घातलं आणि त्यांना कॉलोनोस्कोपीची तारीख दिली.